मोंढ्यातून दिसणारं बंदर

परभणी जिल्ह्याचं पाणी पूर्वेला वाहतं. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. जिल्ह्याचा माल मात्र उलट्या दिशेने निघतो. मानवतच्या जिनिंगमधली रुईची गाठ असो की सोयाबीनची पेंड, परदेशी जायची तर ती बहुतेक वेळा घाट उतरून अरबी समुद्रालाच लागते. पाण्याची दिशा जमिनीच्या उताराने ठरली. मालाची दिशा रेल्वेने, बंदराने आणि दिल्लीहून निघणाऱ्या अधिसूचनांनी ठरवली. या पुस्तकाचा विषय ही दुसरी दिशा आहे.

समुद्रापासून साधारण साडेपाचशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने न्हावा शेवा बंदरावरचं पुस्तक कशाला वाचावं, हा प्रश्न रास्त आहे. बंदर म्हटलं की आपल्याकडे उरण, रायगड, मुंबई आठवते. क्रेन, जहाजं, कस्टमचे साहेब आठवतात. पण बंदराचा खरा परिणाम पाहायचा तर धक्क्यावर उभं राहून फार काही दिसत नाही. तिथे सगळे डबे सारखेच. तो परिणाम दिसतो परभणीच्या मोंढ्यात, सकाळी अकराच्या सुमारास, बोली सुरू होते तेव्हा. आडत्याच्या हातात मोबाइल असतो, त्यावर कालच्या प्लांटच्या दरांचा मेसेज असतो, आणि त्या दरामागे कुठे तरी एक जहाज असतं. ढिगासमोर उभ्या असलेल्या कास्तकाराला ते जहाज दिसत नाही, पण त्याच्या मालाची बोली तेच चढवतं आणि उतरवतं. लेखकाने बंदराची गोष्ट उरणच्या बाजूने न सांगता मोंढ्याच्या बाजूने सांगितली आहे. माझ्या मते या पुस्तकाचं मोल तिथे आहे.

मराठवाड्याला बंदर नवीन नाही. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन्ही गावं आहेत. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर, असा त्याचा हिशेब. इथलं कापड आणि मौल्यवान दगड गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जात. त्याच ग्रंथात आणखी एक मजकूर आहे, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. कल्याण बंदरावर ज्याची सत्ता आली, त्याने तिथल्या व्यापाराची कोंडी केली होती. चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. म्हणजे कोणत्या बंदरातून माल जाऊ द्यायचा, हा निर्णय दोन हजार वर्षांपूर्वीही गोदाकाठच्या विणकराला न विचारताच होत होता. पहाऱ्याची जागा आता राजपत्राने घेतली आहे, इतकाच फरक.

मधली शतकं लेखकाने भराभर ओलांडली आहेत, ते बरंच केलं. थेट निजामाच्या काळात यावं. संस्थानाला स्वतःचं बंदर नव्हतं, आणि ते शल्य शेवटपर्यंत राहिलं. १९४७-४८च्या धामधुमीत पोर्तुगीजांकडून गोवा, म्हणजे मुख्यतः मार्मागोवा बंदर, मिळतं का याची चाचपणी निजामाच्या बाजूने झाली होती. व्यवहारात मात्र मराठवाड्याचं बंदर मुंबईच होती. १९०० च्या आसपास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत पूर्ण झाली आणि परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही स्थानकं कापसाच्या नकाशावर आली. ही गाडी मीटर गेजची. मनमाडला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंद मार्ग सुरू होई. त्यामुळे परभणीची गाठ मनमाडला एका वाघिणीतून उतरवायची, हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढवायची, मग घाटाखाली. पुढे मुंबईत पुन्हा उतरवायची, आधी कुलाब्याच्या आणि नंतर शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनमध्ये थप्पी लावायची, मग गोदीत न्यायची, मग क्रेनच्या जाळीतून जहाजाच्या पोटात. प्रत्येक चढउतारीला पैसा, प्रत्येक ठिकाणी थोडी फाटाफाट, थोडी चोरी, आणि पाऊस असेल तर भिजणं. हैदराबादची ‘गावरानी’ रुई तिच्या लांब धाग्यासाठी नावाजलेली होती, पण तिच्या भावातला किती हिस्सा या चढउतारीत वाहून जात होता, याचा विचार आज आपण करत नाही.

तो विचार करायला हवा, कारण आधुनिक बंदर म्हणजे मुळात याच चढउतारीवरचा उतारा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या एका जुन्या तेलवाहू जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. कल्पना साधी होती: माल हलवायचा नाही, पेटी हलवायची. पेटीचं माप जगभर एकच ठेवायचं, म्हणजे ट्रक, रेल्वे, क्रेन आणि जहाज सगळ्यांना ती चालते. वीस फुटी पेटी हे एकक झालं, आणि तेव्हापासून बंदराची ताकद टनांपेक्षा पेट्यांत मोजायची पद्धत पडली.

मुंबईच्या जुन्या गोद्यांना हे झेपणारं नव्हतं. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया त्याच्या मागोमागचा, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक १९१४ चा. भोवती शहर इतकं दाटलेलं की ट्रेलर वळायला जागा नाही. म्हणून खाडीपलीकडे, घारापुरी बेटाच्या शेजारी, उरण तालुक्यातल्या न्हावा आणि शेवा गावांजवळ नवं बंदर बांधलं गेलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. नाव जवाहरलाल नेहरू बंदर, पण व्यापारी आणि ट्रेलरवाले ‘न्हावा शेवा’ किंवा ‘जेएनपीटी’च म्हणतात, २०२१ च्या कायद्याने ‘ट्रस्ट’ जाऊन ‘प्राधिकरण’ आलं तरी बोलण्यात फरक पडलेला नाही. १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथेच सुरू झालं. पुढे एकेक टर्मिनल वाढत गेलं, ती चालवायला कंपन्यांकडे गेली आणि प्राधिकरण जमीनमालक उरलं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात बंदराने सुमारे ७३ लाख वीस फुटी पेट्यांएवढी वाहतूक केली. देशातलं सर्वात मोठं कंटेनर बंदर ते आता नाही. गुजरातच्या मुंद्र्याने आकड्यांत त्याला मागे टाकलं आहे. पण आपल्या बाजूच्या मालाला जवळचं म्हणजे हेच.

या बंदराच्या जन्माची दुसरी बाजू पुस्तकात सविस्तर आली आहे. नवी मुंबई आणि बंदर या दोन्हींसाठी इथल्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी, मिठागरं आणि मासेमारीच्या जागा गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि पागोटे इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व राज्याला मान्य करावं लागलं. प्रत्यक्ष भूखंड हातात पडायला मात्र पिढी गेली. शेव्याचा कोळीवाडा उठवून जिथे वसवला, त्या हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनाचं भांडण दशकानुदशकं चाललं. परभणीच्या वाचकाने हे प्रकरण परक्याचं म्हणून उलटू नये. समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना–नांदेड मार्ग आपल्या जिल्ह्यातून आखलेला आहे, आणि मोबदल्याचा प्रश्न काय असतो हे सेलू-पूर्णेच्या शेतकऱ्यांना आता पुस्तकातून शिकायची गरज नाही. तरीही साडेबारा टक्क्यांचा इतिहास त्यांच्या उपयोगाचा आहे.

पेटीचं काम जवळून कसं चालतं, याचं वर्णन मला या पुस्तकात सर्वात आवडलं. जिनिंगच्या आवारात ट्रेलरवरून रिकामा चाळीस फुटी कंटेनर येतो. माल भरण्याआधी एक माणूस आत जाऊन उभा राहतो आणि बाहेरचे दोन्ही दरवाजे लावून घेतात. आत काळोख. छताला, कोपऱ्यांत कुठे सुईएवढाही उजेड दिसला तर तो कंटेनर परत, कारण जिथून उजेड येतो तिथून खारं पाणीही येणार. मग तो वास घेतो. आधी या पेटीत चामडं गेलं असेल, रसायन गेलं असेल, तर पेंडीला तो वास लागतो आणि पलीकडचा ग्राहक माल नाकारतो. तळाच्या प्लायवूडवर ओल आहे का, हे तळव्याने पाहतात. यातून पास झाला की भरणी. १७० किलोच्या गाठी दीडशेच्या वर बसतात. हमालांची टोळी जुनी असेल तर शेवटची ओळ दरवाजाला बोटभर फट ठेवून संपते. पेंड असेल तर आतून जाड कागद लावतात, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. समुद्रावर दिवसा तापलेलं लोखंड रात्री गार पडलं की आतली वाफ छताला थेंब होऊन जमते आणि मालावर ठिबकते. कोरड्या हवेत वाळवलेली आपली पेंड अशी भर समुद्रात भिजते.

शेवटी दरवाजाला सील. २०१७ पासून निर्यातदाराला आपल्या आवारातच इलेक्ट्रॉनिक सील लावायची मुभा मिळाली, आणि कंटेनर बंदरावर पुन्हा उघडायची गरज बरीच कमी झाली. जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक कंटेनरचं खरं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे वजनकाट्याची पावती, जी मोंढ्यात आपण चुरगाळून खिशात घालतो, तिच्यासारख्याच पावतीवर अख्ख्या जहाजाचा तोल मोजला जातो. हे वाचून मला मौज वाटली आणि थोडा आदरही वाटला, काट्यावरच्या पोराबद्दल.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे भावाकडे. मोंढ्यातला निर्यातीच्या मालाचा भाव कसा ठरतो? न्हावा शेव्याला जहाजावर चढलेल्या मालाला परदेशी ग्राहक जे देतो, त्यातून कस्टमच्या दलालाचं, बंदराचं, ट्रेलरचं भाडं, प्रक्रियेचा खर्च, व्याज आणि प्रत्येकाचा नफा वजा करत मागे यायचं. सगळ्यांचं वजा करून उरतं ते कास्तकाराचं. साखळीत सर्वात शेवटी तो उभा असतो, म्हणून वाटेतला प्रत्येक जादा रुपया अखेर त्याच्या खिशातून जातो. लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीस हल्ले सुरू झाले, युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला आणि भाडं वाढलं. येमेनमधल्या क्षेपणास्त्राचा आणि आपल्या मोंढ्याचा संबंध हा असा वजाबाकीचा आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या व्हायरसने मर्स्क कंपनीची यंत्रणा बंद पाडली आणि न्हावा शेव्यातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. बाहेर ट्रेलरांच्या रांगा लागल्या. त्या रांगेतल्या एकेका दिवसाचा खर्चही कुणाच्या तरी मालातून वजा झालाच असणार.

आयातीच्या मालाचं गणित मात्र बेरजेचं आहे, आणि तिथेच गोम आहे. सोयाबीन घ्या. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशीच्या आसपास पेंड निघते. तेलाचा भाव ठरतो मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलावर, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पेंडीचा भाव ठरतो अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिकेच्या पेंडीवर. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची म्हणून काही ग्राहक तिला थोडं अधिक देतात, पण फरक फार वाढला की तेही पाठ फिरवतात. म्हणजे जिंतूर किंवा पालमच्या शेतात पिकलेल्या सोयाबीनच्या दोन्ही अंगांचा भाव समुद्रापलीकडे लागतो. आपल्या हातात राहतं ते ओलाव्याचं प्रमाण आणि काडीकचरा.

२०२१ चं वर्ष आठवा. त्या उन्हाळ्यापासून सोयाबीन चढत होतं. ऑगस्टमध्ये काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलं. कुक्कुटपालनवाल्यांना पेंड परवडेना, त्यांनी सरकारकडे धाव घेतली. ऑगस्टच्या उत्तरार्धात केंद्राने बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. बियाणं नव्हे, पेंड. ती निर्जीव आहे, पेरली तर उगवत नाही, म्हणून पर्यावरणाचा अडसर नाही, असा युक्तिवाद. ज्या जिल्ह्यात २००२ नंतर बीटी कापूस घरोघर पोहोचला आणि त्याच कापसाच्या सरकीची पेंड गुरं रोज खातात, तिथे या युक्तिवादावर फारसं कुणी हसलंही नाही. पण अधिसूचनेतली एक ओळ आपल्यासाठी महत्त्वाची होती. ही पेंड कुठून आणता येईल, तर सुरुवातीला दोनच ठिकाणं: बंगालच्या सीमेवरचं पेट्रापोल आणि न्हावा शेवा. जे बंदर आपली पेंड बाहेर न्यायला बांधलं असं आपण समजत होतो, त्याच बंदराचं फाटक आत येणाऱ्या पेंडीसाठी उघडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा माल मोंढ्यात आला तेव्हा भाव निम्म्याच्या आसपास होता.

भाव पडण्याला एकच कारण नव्हतं, हे लेखकाने प्रामाणिकपणे मांडलं आहे. नवीन पिकाची आवक होती, सप्टेंबरच्या अतिवृष्टीने भिजलेला माल होता, पुढे तेलबियांवर साठ्याची मर्यादा आली आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचा वायदा बंद झाला. तरी बारा लाख टन पेंड येऊन उतरायची वाट बाजाराने पाहिली नाही. येणार ही बातमीच पुरली. बंदराच्या ताकदीचं हे रूप मला सर्वात धडकी भरवणारं वाटतं: त्याला काम करावंही लागत नाही, नुसतं उघडं असणं पुरतं.

कापसाचीही हीच तऱ्हा, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. ओरड झाल्यावर आठवड्याभरात तो निर्णय मागे घेतला, पण तेवढ्यात घरात कापूस साठवून बसलेल्यांचे चेहरे काय झाले ते मानवतच्या बाजारात विचारावं. २०२५ मध्ये उलटं झालं. अमेरिकेने भारतीय मालावर जबर कर लावला, कापड उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचं अकरा टक्के शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचणीला येतो तो काळ. एकदा बाहेर जाण्याचं दार लावलं, एकदा आत येण्याचं उघडलं, दोन्ही वेळा नुकसान एकाच घरात.

इथे मला लेखकाशी थोडं भांडायचं आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात रस्ते, रेल्वे आणि ड्रायपोर्ट यांच्याबद्दल जो उत्साह आहे, तो मला पूर्ण पटत नाही. सुविधा नकोत असं मी म्हणत नाही. बंदर सुरू झालं त्या १९८९ साली परभणीहून मनमाडकडे मीटर गेजच होती. रुंद मार्गाची वाघीण इथे येऊच शकत नव्हती. नव्वदच्या दशकात मार्ग बदलला, मनमाडची चढउतार संपली. आता छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ ची. तिथेच कस्टमची तपासणी होऊन सीलबंद कंटेनर थेट बंदरावर जावा ही त्यामागची कल्पना चांगली होती, उभारणी मात्र रेंगाळली. आपला जिल्हा रेल्वेसाठी सिकंदराबादचा आणि बंदरासाठी मुंबईचा, त्यामुळे दोघांच्या मध्ये पडलेल्या प्रश्नाला वाली नसतो, हे लेखकाचं निरीक्षण अचूक आहे. न्हावा शेव्याच्या कंटेनरांत रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्श्याइतकाही नाही, हेही खरं.

पण रस्ता चांगला झाला की निर्यात वाढेल आणि कास्तकाराचं भलं होईल, हे वाक्य अर्धंच आहे. वाट एकाच बाजूने जवळ होत नाही. वाहतूक स्वस्त झाली तर निर्यातीच्या मालावरची वजाबाकी कमी होते आणि मोंढ्याचा भाव वाढतो, कबूल. त्याच वाटेने बाहेरचा माल येतो तेव्हा त्याच्यावरची बेरीजही कमी होते. आजवर साडेपाचशे किलोमीटरचं अंतर आपल्या कापसाला दंड होतं, तसं परदेशी पेंड आणि रुईपासून इथल्या बाजाराला थोडं कुंपणही होतं. ते कुंपण काढायचं असेल तर काढावं; पण आपण काय काढतो आहोत, हे माहीत असावं. जालन्याहून कंटेनर रिकामा जाणार नाही आणि रिकामा येणारही नाही. तो येताना काय भरून आणेल, याचा हिशेब कोणत्याही कोनशिलेच्या भाषणात मी ऐकलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे, म्हणून निराश व्हायचं कारण नाही. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट आपल्या मुळावर उठत नाही. आपल्या शेतात पडणारं पोटॅश सगळंच्या सगळं आयातीचं. डीएपीचा मोठा भाग सौदी अरेबिया, मोरोक्कोकडून येतो. रब्बीच्या तोंडावर ‘रॅक लागली का?’ हा प्रश्न कृषी सेवा केंद्रावर विचारला जातो तेव्हा आपण बंदराचीच चौकशी करत असतो. जहाज कोणत्या किनाऱ्याला लागलं आणि तिथून रेल्वेने वाघिणी वेळेवर दिल्या का, यावर हरभऱ्याची पेरणी अडते किंवा सुटते. खत स्वस्तात आणि वेळेत येणार असेल तर त्या वाटेचं स्वागतच करायला हवं.

आणि काही माल असा आहे की ज्याला बाहेरच्या पेंडीची भीती नाही. १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद आहे. तिच्यावर प्रक्रिया करणारे, दर्जा तपासून देणारे, छोट्या पॅकिंगमध्ये पाठवणारे लोक इथेच तयार झाले तर वजाबाकीतल्या दोन-तीन पायऱ्या गावातच राहतात. परभणीत १९५६ पासून कृषी महाविद्यालय आहे, १९७२ पासून विद्यापीठ आहे. ज्वारीचं, कापसाचं वाण कसं सुधारायचं हे त्यांनी जगाला दाखवलं. पण कंटेनर भरणं, ओलावा राखणं, शिपिंग बिल वाचणं, आयात शुल्काची अधिसूचना समजून घेणं, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांच्या हाताला लागतं, हा प्रश्न पुस्तकाने न विचारता सुचवला आहे. मी तो उघड विचारतो.

पालघरच्या वाढवण बंदराबद्दल शेवटच्या प्रकरणात थोडं आहे आणि ते थोडंच असायला हवं होतं. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं हे बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, मच्छीमारांचा विरोध आहे, कामाला वर्षं लागतील. ते पूर्ण झालं की आपल्याला न्हावा शेवा जवळ की वाढवण, हा वाद मोंढ्यात रंगेल. तोवर न्हावा शेव्याकडे नीट पाहिलेलं बरं.

भाषेबद्दल एक बोललं पाहिजे. लेखकाने ‘संदूक’, ‘नौकाधक्का’ असले शब्द ओढूनताणून आणले नाहीत. स्टफिंग, सील, टर्मिनल, डेमरेज हे शब्द ट्रेलरवाला जसे बोलतो तसेच ठेवले आहेत आणि त्यांच्या शेजारी आडत, मापाडी, खंडी, सरकी आपापल्या जागी आहेत. दोन्हीकडचे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात, कारण व्यवहारही तसाच चालतो. काही तक्ते मात्र अवघड झाले आहेत. कास्तकार वाचकाने ते सोडून पुढे गेलं तरी काही बिघडत नाही; आडत्याने आणि जिनिंगवाल्याने सोडू नयेत.

एक विनंती बाजार समित्यांना. फाटकाजवळच्या फळ्यावर आजचा भाव आणि आवक आपण लिहिता. त्याच्याच खाली दोन ओळींची जागा करा: खाद्यतेल, पेंड आणि कापूस यांच्यावर आज आयात शुल्क किती आहे, आणि निर्यातीवर काही बंधन आहे का. ही माहिती सरकारच प्रसिद्ध करतं, ती मिळवायला पैसे पडत नाहीत. आडत्याला ती आजही ठाऊक असते. ढिगाशेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बोली लागण्याआधी ती कळली पाहिजे.